रेघेच्या वर एक बोट

माणूस खोटं बोलेल, पण त्याची लघवी कधी खोटं बोलत नाही. मात्र तिला मे महिन्यात भिवंडीच्या एखाद्या गच्चीवर चार तास ठेवलं, की तीही तोंडाला येईल ते सांगू लागते.

भिवंडीजवळच्या पूर्णा गावचे दौलतशेठ हे स्वतःच्या अनुभवाने शिकले. गोळ्या घेऊनही त्यांचा रक्तदाब उतरेना, तेव्हा डॉक्टर माधवीताईंना मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा संशय आला. चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये, थंड जागी साठवायची. त्यात हार्मोन जास्त निघालं, तर पुढे ऑपरेशन. पहिला कॅन लॅबने परत पाठवला. गरमीत जंतू वाढलेत, हार्मोनचा भरवसा नाही.

कॅन फ्रिजमधून गच्चीवर शेठच्या बायकोने, पुतळाबाईंनी, नेला होता. फ्रिजात नैवेद्याचं दूध होतं, एवढंच त्या म्हणाल्या. दौलतशेठना ते पटलं नाही. त्या सकाळी जमिनीच्या वाटणीवरून भांडलेला चुलतभाऊ हितेश काही काम नसताना चहाला येऊन गेला होता, आणि साखर कमी आहे अशी तक्रारही त्याने केली नव्हती.

म्हणून दुसरा कॅन घरात ठेवायचाच नाही असं ठरलं. शेठच्या जमिनीवर उभ्या असलेल्या गोदामात आइस्क्रीमची कोल्ड रूम होती. तिथल्या आल्हाद सुपरवायझरने रजिस्टरमध्ये ‘दौलतशेठ, वैयक्तिक, एक नग’ अशी नोंद केली आणि पेन खिशाला लावताना वर पाहिलं नाही. शेठ दाराशी खुर्ची टाकून बसले. दर खेपेला कॅन बाहेर यायचा, भर पडायची, शेठ पेनाने रेघ मारायचे, झाकणाला दोरा बांधायचे. कॅनजवळून हमाल गेला, की त्याचं नाव, गाव विचारून घ्यायचे.

संध्याकाळी कॅन बाहेर आला. दोरा जसाच्या तसा, पण आतला माल रेघेच्या एक बोट वर.

“आल्हाद, ह्याच्यान कुनी भर घातली?”

“कुणी नाही, शेठ. आत वजा वीस आहे. बर्फ झालाय. बर्फ फुगतो.”

“हितेश आल्ता का इकडं?”

आल्हादने गेटचं रजिस्टर दाखवलं. शेठनी ते मागच्या सोमवारपर्यंत वाचलं. मग सगळी रात्र त्याच खुर्चीत काढली.

रिपोर्टमध्ये हार्मोन वाढलेलं निघालं. शेठचा चेहरा उतरला. माधवीताईंनी विचारलं, त्या दिवशी काही ताण होता का? शेठनी सगळं सांगितलं, दोऱ्यासकट. ताणानेही हे हार्मोन वाढतं, ताई म्हणाल्या. पुन्हा करा, साधा घरचा फ्रिज चालतो, आणि घरी झोपा.

तिसऱ्या खेपेला पुतळाबाईंनी देवाचं दूध वरच्या कप्प्यात सरकवलं आणि कॅन पिशवीत गुंडाळून भाजीच्या कप्प्यात ठेवला. “आता राखन नको करू,” त्या म्हणाल्या. “माझी भेंडी हाय तिथं.”

रिपोर्ट नॉर्मल आला. ग्रंथी ठणठणीत होती. ऑपरेशन टळलं. मग डॉक्टरांनी पहिल्यांदाच जेवणाची चौकशी केली.

शेठ दोन्ही वेळेला मिठात खारवलेली सुकट खात होते.