संध्याकाळची पेटी

पुतणीचं पत्र आलं तेव्हा शेतं कापून झाली होती. मी त्याला उत्तर दिलं नाही. वाचत होतो त्या पुस्तकात ते खुणेला ठेवलं. ते पुस्तक संपलं, दुसरं धरलं, पत्र त्यात गेलं. असं करत ते निम्मं कपाट फिरून आलं.

तिनं विचारलं होतं एवढंच, "काका, गावात संध्याकाळी नेट चालतं का? आमच्या कामातली गिऱ्हाइकं लांबच्या देशातली, त्यामुळे माझं काम दिवस मावळताना सुरू होतं. चालत असेल तर तुमच्याकडे येते, कायमची. नसेल तर इथली खोली पुढे चालू ठेवते. काय असेल ते खरं कळवा."

माझा फोन बटणांचा. घरात त्याला रेंज नसते, आणि माळावर उभं राहून चार माणसांत ओरडून बोलणं मला आयुष्यात जमलं नाही. म्हणून ती बिचारी अजून पत्र लिहिते. भाऊ गेला, वहिनी गेल्या. आता तिला मी आणि मला ती, एवढंच उरलंय. खरं उत्तर 'नाही' असं होतं. ते लिहिलं की विषय मिटला. 'हो' लिहावं तर खोटं. पत्र पुस्तकात होतं तोवर निदान ती येण्याची शक्यता तरी घरात होती.

तसं म्हटलं तर आमचं गाव जोडलेलं होतं. रस्त्याकडेची काळी माती उकरून केबल आली, गावच्या कार्यालयात भिंतीवर नेटची पांढरी पेटी बसली, दाराशी मोठा फलक लागला. दिवसभर लोक मोबाइल घेऊन त्या भिंतीला पाठ लावून बसत. कुणी बाजारातला कांद्याचा भाव बघून गाडी भरायची की थांबायचं ते ठरवी. शिवणवाली तर ब्लाउजला काज-बटणं करायला तिथंच सावलीत येई.

पण कारकून शेजारच्या गावचा. दिवस कलला की तो पेटीची पिन काढायचा, वर टॉवेल घालायचा, कार्यालयाला कुलूप लावायचा आणि मोटारसायकलला किक मारायचा. माझं घर कार्यालयाला लागून, त्यामुळे कुलपाचा तो खट् आवाज मला रोज ऐकू येई.

शिवणवाली रोज त्याच्याशी भांडायची. "अरे, माझ्या शहरातल्या बाया दिवसभर नोकरीवर असतात. घरी गेल्यावर मापं पाठवतात. मला ती दुसऱ्या दिवशी दिसतात. तोवर त्यांनी दुसरीकडं कापड टाकलेलं असतं!"

"मावशी, सरकारी वस्तू आहे. वीज पडून जळली तर तुम्ही येणार आहात का चौकशीला?"

"टॉवेल कशाला घालतोस मग? थंडी वाजते का तिला?"

लोक हसायचे. कारकून मात्र हसायचा नाही. मागं एकदा विजेनं कार्यालयातला कॉम्प्युटर जळला होता आणि त्या चौकशीत त्यानं फार हेलपाटे घातले होते. त्याची भीती काही खोटी नव्हती.

मग एक दिवस नेटच्या सरकारी योजनेच्या बाई आल्या. कार्यालयात सतरंजी घातली. मी मागं, कपाटाच्या आडोशाला बसलो. बाई सांगू लागल्या, की पुढच्या टप्प्यात घरोघर लाइन द्यायची आहे. नेट आलं की धंदे वाढतात, बाहेर गेलेली माणसं परत येतात. पण लाइन आधी मिळणार, ती जिथं वापर आहे त्या गावांना.

"तुमच्या गावाचा दिवसाचा वापर बरा आहे," बाई मांडीवरचा कॉम्प्युटर बघत म्हणाल्या. "पण संध्याकाळनंतर शून्य. रोज शून्य. बाकीच्या गावांत खरा वापर तेव्हाच असतो. तुम्ही लवकर झोपता वाटतं?"

सगळे कारकुनाकडं बघायला लागले. तो खिडकीबाहेर बघत होता.

शिवणवालीनं तोंड उघडलं, पण कारकुनाचा पडलेला चेहरा बघून मिटलं. रोज भांडणारी ती, परक्यासमोर त्याला उघडं पाडायला तिचा जीव होईना. कुणाचाच होईना. बाई कॉम्प्युटर मिटू लागल्या. तेव्हा कुणीतरी बोललं. आवाज माझा होता, हे मला जरा उशिरानं कळलं.

"गाव झोपत नाही, बाई. पेटीला झोपवतात."

माझे कान तापले. पुढचं कसंबसं सांगितलं. पिन, टॉवेल, कुलूप. आणि चौकशीचंही सांगितलं, कारण नुसतं अर्धं सांगणं बरं नव्हे.

बाई कपाळाला हात लावून हसल्या. "पेटी चालूच ठेवायची असते हो! पण वीज कडाडली तर बंद करायला कुणीतरी इथं हवं, हेही खरं. संध्याकाळी कोण बसेल?"

कुणाच्या धारा काढायच्या, कुणाची पोरं, कुणाची चूल. सगळे जमिनीकडं बघत राहिले. माझ्याकडं काहीच नव्हतं.

"मी बसतो," मी म्हटलं. "मी एरवीही वाचतच बसतो."

बाई गेल्यावर कारकुनानं किल्ली माझ्या हातात आपटली. "काका, चारचौघांत माझं नाव घालवलंत."

"मी नाव घेतलंच नाही तुमचं."

"तेवढंच बाकी होतं!" असं म्हणून तो निघाला. दारातून परत फिरला. "आभाळ भरून आलं की आधी मेनचा खटका खाली करायचा. मग पिन. विसरायचं नाही."

तेव्हापासून संध्याकाळी मी कार्यालयात पुस्तक घेऊन बसतो. बाहेर भिंतीला ओळीनं माणसं असतात. मला वाटलं होतं, आता चार शब्द बोलणं होईल. पण प्रत्येकाची मान खाली आणि तोंडावर मोबाइलचा उजेड. मी खोकलो तरी कुणी बघत नाही. परवा अवेळी ढग गडगडले, वाऱ्यानं शेतातली माती उडून दारात आली. मी खटका खाली केला. सगळ्यांनी एकदम माना वर केल्या.

"पुस्तककाका, काय झालं हो?"

"वीज चमकतेय."

मग जरा बोलणं झालं. शिवणवालीनं मला जेवलात का विचारलं. ढग गेले, पेटी लागली, माना परत खाली.

पेटी संध्याकाळभर टिकते की नाही, हे मी बरेच दिवस बघितलं. टिकते. मग पुस्तकातून पत्र काढलं आणि उत्तर लिहिलं. चार कागद फाडले. तिनं एव्हाना खोली ठेवून घेतली असेल, हा विचार प्रत्येक कागदावर आडवा आला. शेवटी एवढंच उरलं:

"संध्याकाळी चालतं. आभाळ भरून आलं तर मी बंद करतो. तेवढा वेळ तुला माझ्याशी बोलावं लागेल. ये."

टपालपेटीकडं निघालो तर वाटेत शिवणवाली. "अहो काका, पत्र कसलं टाकताय? संध्याकाळी माझ्या मोबाइलवर तोंड बघून बोला की तिच्याशी!"

"तोंड बघून मला हे जमायचं नाही," मी म्हटलं.

ती हसली, मग हसायची थांबली आणि बाजूला झाली.

पत्र आत सोडलं. टपालपेटीत दुसरं काही नसावं. ते पार तळाला आपटल्याचा आवाज आला.  दिवस कलला होता, म्हणून कार्यालयाचं कुलूप उघडायला परत फिरलो.