नाव नाही तर बोली नाही

बाबुराव परबांना रागवायला फारसं कारण लागत नसे, पण त्या सोमवारी कारण चांगलं भक्कम होतं. गोधडी परत आली होती आणि सौदा तिसऱ्यांदा मोडला होता.

गोधडी त्यांच्या बायकोने, कौसल्याबाईंनी शिवलेली. जुन्या सुती साड्यांचे थर एकावर एक घालून, चार महिने खपून, सगळी हातानेच. मुलगी रुपालीने तिचा फोटो मोबाइलवरच्या लिलावात टाकला आणि बोलीवर बोली चढत गेली. लालबागच्या त्या खोलीत सगळे हरखून गेले. मग पहिला जिंकणारा म्हणाला, भाच्याने चुकून बटण दाबलं. दुसऱ्याने गोड बोलून सगळी चौकशी केली नि फोन बंद केला. तिसऱ्याने दारात आलेलं पार्सल न उघडताच परत धाडलं. त्या खोक्यावर कुणाच्या तरी बुटाचा ठसा होता.

कौसल्याबाईंनी गोधडी झटकली, घडी घातली आणि सुईदोऱ्याचा पत्र्याचा डबा पोटमाळ्यावर पार मागे सारला.

"लोकांना आवडली असती तर नेली नसती का?" त्या म्हणाल्या. "बास झाला आता. नाय शिवत मी."

हे मात्र बाबुरावांच्या जिव्हारी लागलं. गिरणी बंद पडली तेव्हासुद्धा या बाईने सुई खाली ठेवली नव्हती. उलट त्या सुईवरच घर चाललं होतं. आणि आता तीन फुकट्यांपायी ती हात आखडून बसणार?

"दाखव गो तुझा तो लिलाव," ते रुपालीला म्हणाले.

लिलाव म्हणजे काय हे बाबुरावांना कुणी शिकवायची गरज नव्हती. चाळीच्या नवरात्रात देवीला आलेल्या साड्यांचा लिलाव एकतीस वर्षं त्यांनीच पुकारला होता, आणि एकतीस वर्षांत एकच बोली बुडाली. चौदा नंबरचा सावंत साडी बोलला नि दुसऱ्या दिवशी तोंड लपवून बसला. तेव्हापासून तो 'माघारी सावंत' झाला. पुढे तो दूर वसईला राहायला गेला, पण नावही सामानाबरोबर गेलं.

रुपालीने फोन पुढे केला. बाबुरावांनी चष्मा वरखाली करून वाचलं. 'हॅण्डमेड गोधडी, डबल बेड.' शेवटची बोली 'किंग झिरो झिरो सेव्हन' याची.

"हा कोण?"

"युजरनेम आहे बाबा. बोली लावताना खरं नाव नाही कळत."

"आणि शिवणारीचं नाव कुठाय?"

रुपालीने स्क्रीन खालीवर सरकवली. "ते नाही टाकलं."

"मग बरोबरच आहे त्यांचं! निनावी मालाला निनावी गिऱ्हाईक. आमच्यात आधी साडी देणाऱ्याचं नाव पुकारायचं, मग साडी दाखवायची, मग घेणाऱ्याचं नाव नि खोली नंबर. नाव नाही तर बोली नाही!"

रुपालीचा चेहरा उतरला. पोरीला सुचलंच नव्हतं, हे बाबुरावांना दिसलं. त्यांनी आवाज खाली आणला. "या रविवारी मी पुकारतो. त्या फोनमध्ये थेट बोलता येतं ना? झालं तर."

रविवारी दुपारी चारला बाबुराव ठेवणीतला पांढरा सदरा घालून गॅलरीत उभे राहिले. गोधडी दोरीवर पसरली होती, समोर रुपाली फोन धरून.

"नीट ऐका," त्यांनी सुरुवात केली. "ही गोधडी शिवली सौभाग्यवती कौसल्या बाबुराव परब यांनी, खोली नंबर तेवीस, लालबाग. गिरणी बंद पडली तेव्हा याच हातांनी आमचं घर पोसलं, मला पण पोसलं. आता तुमची नावं. बोलायचं तर नाव नि राहायचं ठिकाण तोंडाने सांगायचं."

कौसल्याबाई गाळणी हातात घेऊनच दारात आल्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याने हे एकदाही म्हटलं नव्हतं.

बोली चढत गेली आणि एका बाईने ती साडेतीन हजारांवर नेली. तेवढ्यात फोनवर उमटलं, पाच हजार, किंग झिरो झिरो सेव्हन.

"या, किंगसाहेब. नाव?"

उत्तरादाखल हसरी तोंडं आली, नाव काही येईना.

"बोली बाद!"

"बाबा, पाच हजार आहेत!" रुपाली कळवळली.

"असूंदे. देवीच्या साडीला असल्यांना हात लावू दिला नाही मी. ही तर माझ्या बायकोची गोधडी आहे."

बाबुरावांनी बाहीने कपाळ पुसलं. मग फोनमधून मघाच्याच बाईचा आवाज आला. "दर्शना तांबे, शीव. हॉस्पिटलात नर्स आहे. माझे साडेतीन हजार आहेत ना अजून? काका, जरा उलटी बाजू दाखवा."

बाबुरावांनी गोधडी उलटी केली.

"अगंबाई! दोन्हीकडून सारखीच. ऑपरेशन थिएटरमध्ये वीस वर्षं टाके बघतेय मी. एवढे सरळ आमच्या मोठ्या सरांना पण नाही जमत. सांगा मावशींना."

सांगायची गरज नव्हती. मावशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"साडेतीन हजार, दर्शना तांबे, शीव. एक वार," बाबुरावांनी पुकारलं. "दोन वार."

आणि ते थांबले. एकतीस वर्षांत असे ते कधी थांबले नव्हते. गोधडीची कड त्यांच्या मुठीत होती आणि ती सोडवेना. एवढी चांगली वस्तू, घरातच राहिली तर कुणाचं काय बिघडणार होतं?

"अहो," दारातून कौसल्याबाई म्हणाल्या, "म्हणा की. बाई खोळंबली."

"तीन वार!"

आवाज साऱ्या चाळीत गेला आणि शेवटी जरासा फाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शना ड्यूटीवरून सुटून थेट लालबागला आली. तिने पैसे दिले, चहा घेतला, गोधडी मांडीवर पसरली आणि चारही कोपरे तपासले.

"मावशी, तुमचं नाव कुठाय यावर? मला ते हवंय. घरी आलेल्यांना दाखवायला."

"गोधडीवर कसला नाव घालतात?" कौसल्याबाई लाजल्या. मग त्यांनी पोटमाळ्याकडे पाहिलं.

बाबुराव आधीच स्टुलावर चढले होते. गुडघे कुरकुरत होते, आणि हात पार मागे त्या पत्र्याच्या डब्यापर्यंत पोचला होता.

"लाल दोरा घे," ते वरूनच म्हणाले. "नाव लांबून वाचता आलं पाहिजे."