कपांच्या जागी साप

मित्रांनो, मी एक जुने काचेचे कपाट आहे. 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हटले, मनावर घेऊ नका. माझ्या काचेला नाक लावून आत डोकावणारी माणसे मी आयुष्यभर पाहत आले आहे, मी आणि माझी काच. आतून ते नाक कसे चपटे दिसते हे ज्याला रोज बघावे लागते, त्याला माणसांशी मैत्री करणे जड जाते.

सिर दर्या नदीच्या काठच्या किझिलोर्डा शहरात मी राहते. माझे लाकूड अक्रोडाचे. त्या अक्रोडाखाली एका खानाने आपली घोडी बांधली होती. सावली इतकी दाट, की घोडी सापडेपर्यंत तिचे शिंगरू खोगीर घालण्याएवढे झाले होते. ही थाप आहे असे जेवणाचे टेबल म्हणते. टेबलाचे काय मनावर घ्यायचे! चार पाय आहेत, पण आत काहीच नाही.

कारखान्यात सुतारांनी मला सरकत्या काचा बसवल्या आणि पाठीला आतून आरसा लावला. हेतू एवढाच, की सहा कप ठेवले तर बारा दिसावेत. म्हणजे खोटेपणा माझ्यात जन्मापासूनच बसवलेला आहे. तुम्ही तो पोटात लपवता, मी पाठीवर मिरवते, इतकाच फरक.

माझी मालकीण कुलाशआपा हिचे लग्न झाले तेव्हा मी तिच्याबरोबर या घरात आले. दारासमोरची भिंत ही आमच्याकडे मानाची जागा; तिथे, चुलीच्या शेजारी, मला उभे केले. माझ्या पोटात सोनेरी काठाच्या कपबश्या मांडल्या. त्या खास पाहुण्यांसाठी होत्या. पाहुणे पुष्कळ आले. पण कोणीच तितके खास निघाले नाही. सगळ्यांनी साध्या कटोऱ्यांतून चहा प्यायला आणि माझ्याकडे बघून म्हटले, "काय कपाट आहे!" कपांना वाटे, ही स्तुती त्यांची. ज्याच्यात जन्मात कधी चहा पडला नाही त्याने स्वतःला कप म्हणवून घ्यावे, यापेक्षा मोठा निर्लज्जपणा मी पाहिलेला नाही. पुढे टीव्ही आला आणि ती स्तुतीही थांबली. लोक माझ्याकडे पाठ करून बसू लागले. पाठीही काही पाहण्यासारख्या नव्हत्या.

मग एका हिवाळ्याच्या तोंडाशी कुलाशआपाचा नवरा सेइतखान, जन्मभर ट्रक चालवून आता घरी बसलेला, चुलीला लिंपण करायचे म्हणून वाळवंटातून रेती घेऊन आला. रेती सुकावी म्हणून त्याने ती चुलीजवळ पसरली. संध्याकाळी रेती हलली. तिच्यातून एक साप वर आला. तुमच्याकडच्या मांडुळाच्या जातीचा, बिनविषारी. शेपटी बघावी तर तोंड वाटते, तोंड बघावे तर शेपटी. बिचारा थंडीपुरता झोपला होता, त्याला फावड्याने उचलून इथे आणले होते.

"अरे म्हाताऱ्या," कुलाशआपा म्हणाली, "तुला रेती आणायला धाडलं होतं की सोयरीक जुळवायला?"

"मी कुठं आणला? तोच गाडीत बसून आला. भाडंसुद्धा दिलं नाही."

आमच्याकडे घरात आलेल्या सापाला मारत नाहीत. त्याच्या डोक्यावर दूध किंवा आयरान, म्हणजे आंबवलेले दूध, ओततात आणि पाहुण्यासारखे दारापर्यंत पोचवतात. कुलाशआपाने वाडगाभर आयरान ओतले आणि दार उघडले. बाहेर अशी थंडी होती की शेजारच्या कुत्र्याचे भुंकणे अंगणातच गोठून पडायचे आणि वसंतात वितळले की कुत्रा झोपलेला असतानाही ऐकू यायचे. साप उंबऱ्यावर पोचला आणि काठीसारखा ताठ झाला. सेइतखानने टोपी काढून त्याला तिच्यात उचलले.

"म्हातारे, पाहुण्याला गोठवून निरोप द्यायची रीत तुझ्या माहेरची का?"

कुलाशआपाचा चेहरा उतरला. ती हळू आवाजात म्हणाली, "हा जिवंतच बाहेर गेला पाहिजे. माझ्या उंबऱ्याच्या आत आलेला जीव आतच मेला, तर मी या घरात सुखानं चहा उकळू शकणार नाही. ऐकलंस? वसंतापर्यंत तो जगला पाहिजे."

"जगेल गं. साप आहे तो, बशी नाही."

आता यांचे साप जगवणे पाहा. पहिल्यांदा त्याला बादलीत ठेवले, वर ताटली झाकली. सकाळी साप सेइतखानच्या नमद्याच्या, म्हणजे जाड लोकरीच्या, बुटात सापडला. पाय आधी गेला की साप आधी निघाला, हे मी सांगत नाही. म्हाताऱ्याची उडी मात्र छताने अजून लक्षात ठेवली आहे. मग टीव्हीच्या खोक्यात ठेवले. त्यातून तो पिठाच्या पोत्यात गेला. आणि एका पहाटे कुलाशआपाला तो दाराच्या फटीशी मिळाला, पुन्हा ताठ, तोंड उघडे. तिने त्याला आपल्या कुशीत, अंगरख्याच्या आत धरले. चहा निवून गेला तरी ती उठली नाही. साप हलला तेव्हा तिने मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिले.

"म्हाताऱ्या, कप काढ."

"कुठले कप?"

"या घरात न वापरलेले दुसरे कुठले आहेत?"

अशा रीतीने मी, ज्याच्या आरशात एका सुभेदाराने मिशी विंचरली होती (टेबलाला विचारू नका), सापाचे घर झाले. पण घर करणे यांना कुठे येते? यांना मेजवानी येते. आत लाल मखमलीची गादी घातली. नक्षीची रजई घातली. वाडग्यात तळलेले पाव आणि वर घोड्याच्या मांसाचे काप ठेवले. न खाणारा पाहुणा असतो, हे आमच्या लोकांच्या कल्पनेतच नाही. एक बाजू चुलीला चिकटलेली, त्यामुळे मी आतून भट्टीसारखे तापले. आरशात सापाला दुसरा साप दिसे. तो त्याच्यावर धडका मारून नाक सोलून घेई. आणि दर शुक्रवारी कुलाशआपा काच सरकवून त्याच्या डोक्यावर आयरान ओती. म्हणे, पाहुण्याला विसर पडू नये की त्याला निघायचे आहे. मखमल कुजली. मला बुरशी आली, मला! साप श्वास घेऊ लागला की शिट्टी वाजे, आणि नाकाशी बुडबुडा येई.

शिट्टी ऐकून कुलाशआपा ताडकन उठली. तिने अल्माटीत राहणाऱ्या आपल्या भाचीला, दामेलीला, फोन लावला. दामेलीने घरी साप पाळले आहेत. फोन माझ्या काचेसमोर धरला.

"आपा, हे काय दाखवतेयस?"

"सापाचं घर."

"मला वाटलं नवरीची खोली आहे. आणि ते ओलं कशानं झालंय?"

"आयरान. दर शुक्रवारी ओतते. रीत नको पाळायला?"

"आपा, तो कोरड्या वाळवंटातला जीव आहे. ओलीनं त्याची छाती भरलीय. तू त्याला निरोप देता देता मारतेयस."

"मी?" कुलाशआपा म्हणाली. "मी तर त्याला मान देत होते गं."

"मान नकोय त्याला. कोरडी रेती हवी. गुरांच्या डॉक्टरला आज बोलाव, आत्ता. काका, तुम्ही हसू नका, करवत घ्या."

"मी हसत नव्हतो," सेइतखान म्हणाला.

"आरशात दिसतंय, काका."

हा माझ्या आरशाने केलेला पहिला प्रामाणिक धंदा.

डॉक्टर आला. उंटाला टोचायची सुई बघून साप लांबीने निम्मा झाला; मग डॉक्टरने बारीक सुई काढली आणि औषध टोचले. आणि माझी चिरफाड सुरू झाली. माझ्या फळ्या उपटल्या. पाठीला वरच्या बाजूला भोके पाडून जाळी ठोकली, हवा खेळावी म्हणून. आरशावर नमदा चिकटवला. मला मानाच्या जागेवरून ओढून बाजूच्या भिंतीला लावले, चुलीपासून दूर. माझ्या जागी टीव्ही विराजमान झाला. जागेला लायक कोण, हे ठरवायची यांची अक्कल तेवढीच.

रेती कढईत भाजली, चाळली, गार केली आणि माझ्या तळाशी हातभर पसरली. एका टोकाला दिवा टांगला, त्याला तारेचा पिंजरा घातला, म्हणजे साप भाजायला नको. दुसरे टोक थंड ठेवले. दोन्ही टोकांना तापमापक. "गार वाटलं की इकडे, ऊब वाटली की तिकडे. ते तो ठरवेल, तुम्ही नाही," दामेलीने बजावले होते. कप काढताना त्यांच्याबरोबरचा साखरेचा मोठा वाडगा फुटला होता. त्याचा अर्धा भाग, कडा घासून, लपायला पालथा घातला. पाण्याची छोटी वाटी थंड बाजूला. काचांच्या फटीत पाचर, कारण साप बुटाला विसरला असला तरी बूट सापाला विसरले नव्हते.

पुढच्या शुक्रवारी कुलाशआपा आयरानचा वाडगा घेऊन माझ्यासमोर आली. बराच वेळ उभी राहिली. हात काचेपर्यंत गेला. मग तिने ते आयरान स्वतःच पिऊन टाकले आणि पदराने, म्हणजे डोईच्या रुमालाच्या टोकाने, तोंड पुसले. त्या बाईच्या हातून माझ्यासमोर घडलेले हे पहिले शहाणपण.

शिट्टी हळूहळू बारीक झाली आणि एक दिवस थांबली. सेइतखानने कोठारातून उंदीर धरून आणला. साप रेतीतून उसळला आणि उंदीर नाहीसा झाला. म्हाताऱ्याने टाळी वाजवली, कुलाशआपाने त्याला दटावले, "जेवताना बघू नये कुणाला."

दुसरीकडे कपांना ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्यात चहा ओतला जाऊ लागला. शेजारीण बिबिश आली, हातातला कप बघून घाबरली.

"कुलाश, खरं सांग, कोण गेलं? हे कप बाहेर कसे?"

"कुणी गेलं नाही. पी."

"आणि तो साप कुठंय? मला फक्त रेती दिसतेय."

"रेतीखाली."

"मग बघायचं काय?"

"त्यानं तुला दिसायचं कशाला? तू त्याला दिसतेस, तेवढी शिक्षा पुरे नाही का?"

मित्रांनो, मी जन्मले दाखवण्यासाठी, आणि अख्खा हिवाळा मी रेती दाखवत उभे होते. त्या काळात माझ्यात काहीतरी जगत होते. कपांच्या वेळी असे कधी वाटले नव्हते. सापाने आभार मानले नाहीत. मानले असते तर माझ्या मनातून उतरला असता.

वसंत आला, वाळवंटात लाल फुले उगवली, रात्री उबदार झाल्या. दोघे म्हातारे त्या जिवाला घेऊन, जिथली रेती होती तिथे गेले. कुलाशआपाने बरोबर आयरान नेले होते. संध्याकाळी परत आले तेव्हा सेइतखान मला, म्हणजे रिकाम्या काचेला, सांगत होता, "तिनं डोक्यावर चार थेंब टाकले, आणि तो रेतीत शिरला. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"बरं झालं," कुलाशआपा आतून म्हणाली. "वळला असता, तर तू परत टोपीत घालून आणला असतास." आणि तिने चहा सुखाने उकळला.

"कप परत आत ठेवू?" त्याने विचारले.

"नको. त्यांना आता चहाची सवय लागलीय."

दुसऱ्या दिवशी बिबिश पातेल्यात एक कासव घेऊन हजर. "तुझं कपाट रिकामंच आहे ना, कुलाश?"

कुलाशआपाने कासवाकडे पाहिले, पातेल्याकडे पाहिले, मग बिबिशकडे. "हे काय खातं? किती ऊन लागतं? थंडीत कुठं झोपतं?"

"मला काय ठाऊक!"

"मग जिथून उचललंस तिथं सोडून ये. चहा तोवर निवत नाही."

माझ्या तळाशी अजून थोडी रेती आहे. कोणी झाडत नाही, आणि झाडलेले मलाही चालणार नाही. तेव्हा ऐका. एखादा जीव घरी आणावासा वाटला, तर आधी त्याचे घर उभे करा: तुमच्या हौसेच्या मापाचे नाही, त्याच्या मापाचे, जिथे त्याला ऊब निवडता येईल, गारवा निवडता येईल, आणि तुमचे तोंड बघायचे की नाही हेही निवडता येईल. एवढे जमणार नसेल तर लाजू नका. कपबश्या पाळा. त्या तुमच्या हातून मेल्या, तरी कुणाला कळत नाही.