टकटक

लेकीने जुन्या आवृत्तीची खिडकी डावीकडे सरकवली, उजवीकडे नवी उघडली आणि दोन्हींत एकच परिच्छेद चिकटवला.

"आता बघा, बाबा. डावीकडे तुमचा म्हातारा, उजवीकडे माझं बाळ."

मजकूर लिहायचं हे सॉफ्टवेअर तिच्याच कंपनीचं. नवी आवृत्ती तिच्या हातची, तेव्हा कौतुकाला काय तोटा! अक्षरं हवी तेवढी मोठी होतात, खोडलेलं परत आणता येतं, वीज गेली तरी ओळ हरवत नाही. म्हाताऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं. एक हौस तेवढी होती: कळ दाबली की टाइपरायटरसारखी टकटक व्हायची. नव्यात ती नाही. कोण वापरतंय, म्हणून तिनेच ती काढायला लावली होती.

बाबांनी जन्मभर भाषांतरं केली होती. ते बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिले.

"छानच आहे. पण आवाज?"

"त्याची काही गरज नाही हो."

"बरं," बाबा म्हणाले.

नवी आवृत्ती लावून देऊन ती स्वयंपाकघरात आली. आई भाजी चिरत होती. थोड्या वेळाने तिची सुरी थांबली. हात पुसत ती खोलीच्या दारापर्यंत गेली, डोकावून परत आली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा लेक वैतागली.

"आई, काय येरझाऱ्या चालल्यात तुझ्या?"

"अगं, काही ऐकूच येत नाहीये." आई ओशाळली. "ते हॉस्पिटलमधून आल्यापासून माझा कान तिकडेच असतो. टकटक चालू असली की वाटतं, ठीक आहेत. लिहितायत."

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाबांच्या खोलीत गेली आणि जुनी आवृत्ती उघडून दिली. बाबांनी का म्हणून विचारलं नाही.

टकटक सुरू झाली, पाठोपाठ आईची सुरीही. चहा उकळल्यावर लेक कप घेऊन खोलीत गेली. बाबा खुर्चीत मागे रेलून खिडकीबाहेर बघत होते. उजवा अंगठा तेवढा स्पेसबारवर पडत होता. एक कोरं पान मागे टाकून कर्सर पुढे पुढे सरकत होता, अक्षर एकही नव्हतं.

त्यांनी तिला पाहिलं. अंगठा थांबला नाही.

"दुखण्यानंतर शब्दच सुचत नाहीत गं," ते हळूच म्हणाले. "पण हे थांबलं की ती हातातलं टाकून धावत येते."

लेकीने कप टेबलावर ठेवला.

"बघ, आता कसं भरभर चाललंय!" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "किती झालं गं लिहून?"

"दुसरं पान लागलं, आई!" लेक ओरडून म्हणाली.

आणि तसं पाहिलं तर ते खोटंही नव्हतं.