गंजावर दुसरा हात

ग्रिलवाल्याचं सगळं आयुष्य लोखंडी गेट बनवण्यात गेलं होतं आणि गंजाशी त्याचं हाडवैर होतं. त्यामुळे पोरगी स्कूटरवरून पडून डोक्याला मार बसला, तेव्हा डॉक्टरांचं एकच वाक्य त्याच्या टाळक्यात शिरलं: दुखावलेला मेंदू आतून एक प्रकारे गंजतो. ‘ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल देऊन बघू, खात्री नाही, पण रोज एकच,’ हे पुढचं काही शिरलं नाही.

एका हातानं गंज कधी थांबलाय? लोखंडाला लाल प्रायमरचे दोन हात तरी लागतातच. बायको सकाळी एक कॅप्सूल द्यायची. दुपारी तिचा डोळा चुकवून हा आणखी दोन द्यायचा, वर पोरीला थाप, ‘डॉक्टरांनीच सांगितलंय.’ अडखळत बोलणारी पोरगी हळूहळू नीट बोलायला लागली, तसा स्वारीला आणखीच चेव आला.

त्याच दिवसांत घरचं बेसिन लाल दिसायला लागलं.

"अहो, हात वर्कशॉपमध्येच धुवून येत जा की!" बायको करवादायची. तोही निमूटपणे बेसिन घासायचा.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो दात घासायला गेला आणि जागीच थिजला. आदल्या दिवसापासून त्यानं प्रायमरच्या डब्याला हातही लावला नव्हता, तरी बेसिन लाल होतं.

"हिरड्यांतून येतंय, बाबा. मला वाटलं, ब्रश टोचतोय," पोरगी म्हणाली. "आज डोकंही दुखतंय."

दात न घासताच त्यानं पोरीला आणि बायकोला रिक्षात बसवलं.

"कॅप्सूल एकच देताय ना?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"एकच. मी स्वतः देते," बायको म्हणाली.

पोरीकडे न बघता तो कसाबसा बोलला, "तीन. दोन मी देत होतो. चोरून."

"अहो, त्यानं रक्त पातळ होतं! डोक्यात रक्तस्राव झाला असला तर?" डॉक्टर म्हणाले.

पोरीला तातडीनं स्कॅनला नेलं. बायको त्याच्यापासून लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली. आपल्याच हातानं आपण पोरगी मारली, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं. स्कॅनच्या खोलीचं दार उघडेपर्यंत तो दारापाशीच उभा राहिला.

डोक्यात रक्तस्राव नव्हता. कॅप्सूल बंद झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं लाल प्रायमरचे न उघडलेले डबे दुकानात परत केले आणि राखाडी मागितले.

"काय हो, लाल रंगावर रुसलात की काय?" दुकानदार हसला.

"रुसलो नाही," तो म्हणाला. "घरच्या बेसिनमध्ये लाल दिसलं, तर ते माझं नाही, हे मला लगेच कळायला हवं."