पळी कुणाच्या हातात

"लगीन झालेल्या पोरीला प्रमुख करून काय उपेग, मावशी? सुट्टी लागली की पळंल सासरी!"

शिवरंजनी हे हळूच बोलली. स्वयंपाकघरात आपण आणि शिवगंगामावशी, दोघीच आहोत असं तिला वाटलं. पण पाण्याचा तांब्या न्यायला आलेली उझमा दाराशीच थबकली आणि तशीच माघारी गेली. आणि खिळ्यावर टांगलेली मी होतेच. मी उमरग्यातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमधली पळी बोलतेय.

मला मावशींनी बाजारातून आणलं. मनगटावर तोलून बघितलं न् म्हणाल्या, "ही चालंल. हाताला लागत न्हाय." जन्मल्यावर कुणी आपल्याबद्दल पहिलं वाक्य असं चांगलं बोलावं, याला भाग्य लागतं.

इथली मेस मुलीच चालवतात. मावशी रांधतात; पण भाजी काय आणायची, उशिरा येणारीला काय झाकून ठेवायचं, हे मेसप्रमुख ठरवते. पंगतीत आमटीही तीच वाढते, मला हातात धरून. त्यामुळं पोरी मलाच खुर्ची समजतात. खुर्चीपेक्षा मी बरी. माझ्यावर बसून राहता येत नाही.

शिवरंजनी बेंबळीची. दोन वर्षं मी तिच्या हातात होते. आवाज मोठा, हात त्याहून सढळ. परीक्षेच्या दिवसांत कुणी न जेवता झोपली, की ही मला घेऊनच खोलीच्या दारात उभी. तिच्या धाकानं किती पोरींच्या पोटात घास गेले! त्यातले थोडे माझ्याही पुण्यात जमा असतील.

यंदा तिचं शेवटचं वर्ष, म्हणून पळी दुसरीकडं द्यायची. निवडणूक झाली, आमच्या पद्धतीची: दोन उमेदवारांच्या दोन झाकलेल्या वाट्या, आणि प्रत्येकीनं जवारीचा एक दाणा टाकायचा. उझमा निवडून आली. जळकोटची, नुकतंच लग्न झालेली, बोलणं बेताचं. प्रचार तिनं केलाच नव्हता. पण कुणाचा उपास, कुणाचा रोजा, घरची आठवण आली की कोण अर्धीच भाकरी खातं, हे तिला न विचारता ठाऊक असायचं.

टाळ्या सगळ्यांआधी शिवरंजनीनंच वाजवल्या. मग स्वयंपाकघरात येऊन ते वाक्य बोलली. मावशी भाकरी थापत एवढंच म्हणाल्या, "तुलाच पळी सोडवंना, म्हण की."

बदलाच्या दिवशी जुनी प्रमुख पंगतीत बसते आणि नवी तिला पहिलं वाढते. त्या दिवशी येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी होती. उझमानं मला बुडवलं, तोच शिवरंजनी ताटावरून उठली.

"अगं, खालून ढवळ! वरचं पाणीच चाललंय." आणि मला तिच्या हातातून घेतलं.

उझमानं दिलं. मोठ्या माणसानं हात पुढं केला की वस्तू द्यायची, ही सवय माहेरातली, सासरी आणखी पक्की झालेली. शिवरंजनी दोन ताटं वाढून बसली, पुन्हा उठली. "हिला जास्त दे, ही सकाळपास्नं उपाशी हाय." पुन्हा मी तिच्या हातात. तोवर पोरींची ताटंही सवयीनं तिच्याकडंच वळू लागली. एकजण हसून म्हणाली, "नवी प्रमुख बघायला ठेवलीय काय गं?"

उझमाचे कान लाल झाले. आजच पळी टिकली नाही, तर वर्षभर ती नावालाच प्रमुख राहणार, हे तिला कळलं होतं. मलाही.

तिसऱ्यांदा शिवरंजनीनं हात घातला. या वेळी उझमानं मला सोडलं नाही. दोघींच्या मुठी माझ्या दांड्यावर. आमटी टपटप फरशीवर सांडली. खरं सांगू? एवढं घट्ट मला कुणी कधी धरलं नव्हतं, आणि दोन्ही हातांची मी सारखीच ऋणी होते.

उझमानं मान वर केली आणि सगळ्यांदेखत म्हणाली,

"ताई, दोन सालं तुमी उभ्यानं वाढलं, मागनं गार खाल्लं. आमी खाऊन उठलो, कुणी शुक्रिया बी म्हणलं न्हाय. मी म्हणते आज. सासरी जाईन तवा जाईन, सांगून जाईन. आता बसा, गरम हाय तवर जेवा. मी वाढते."