उतरलेला आकडा

"उतरला! पंचवीस... वीस... सोळा! अहो, बघा तरी!"

अतिदक्षता विभागाच्या काचेला नाकं लावून पंधरावीस माणसं उभी होती. आत वायरमनच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला होता, पण मॉनिटर उंच टांगलेला असल्यामुळे त्याच्या डोक्यातल्या दाबाचा आकडा सगळ्यांना दिसत होता. पडद्याआडून उतारबाबांचा आवाज घुमत होता, "उतर गं बये, उतर! पायरी पायरीनं उतर!"

"बये म्हणजे कोण?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. त्याचा मुलगा शेजारच्याच खाटेवर होता.

"दाब हो, दाब!" वायरमनची बहीण डोळे पुसत म्हणाली. "माझ्या दादाच्या डोक्यात चढून बसलीय ती."

उतारबाबा कुणाचा ताप उतरवत, कुणाची साखर. गाडीचं भाडं तेवढं त्यांच्याकडून कधी उतरलं नव्हतं. इथे ते भेटीच्या वेळेत 'पेशंटचे काका' म्हणून आत शिरत.

वायरमन त्याच आठवड्यात एका सभागृहातला पंखा बसवताना शिडीवरून पडला होता. पडला, उठून बसला, "काही नाही झालं" म्हणाला आणि पाणी मागितलं. पाणी आणेपर्यंत त्याची शुद्ध हरपली होती.

डॉक्टरबाईंनी त्याच्या बायकोला समोर बसवून सगळं समजावलं होतं. "ताई, कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. आत मेंदू सुजला की त्याला पसरायला जागा नाही. दाब वाढत जातो आणि मग रक्तच आत पोचत नाही. म्हणून आम्ही त्यांच्या खाटेची उशाकडची बाजू उंच ठेवलीय, मान सरळ ठेवलीय, झोपेचं औषध चालू आहे. मेंदूतलं पाणी थेंब थेंब बाहेर यावं म्हणून बारीक नळी घातलीय. पण एवढ्यानं भागत नाहीये. कवटीचा एक तुकडा काही दिवस काढून ठेवायला हवा, म्हणजे मेंदूला जागा मिळेल. मला आज सही द्या."

बायकोनं पेन हातात घेतलं होतं. नणंदेनं तिचं मनगट धरलं.

"वहिनी, माझ्या दादाचं डोकं फोडायला निघालात? आकडा उतरताना डोळ्यांनी बघितलात ना? बाबा म्हणाले, उद्या आणखी एक बैठक, की दादा डोळे उघडणार."

"पण वन्सं, बाबा गेले की आकडा पुन्हा चढतो."

"म्हणजेच तो बाबांमुळे उतरतो!"

बायकोचा बाबांवर काडीचाही विश्वास नव्हता. तिचा विश्वास यंत्रावर होता. यंत्र कशाला खोटं बोलेल? तिनं पेन खाली ठेवलं. "मॅडम, एक दिवस थांबू या."

डॉक्टरबाईंनी परोपरीनं सांगितलं. औषधाची वेळ जुळली असेल, मान सरळ झाली असेल, असे तर्कही त्यांनी करून पाहिले. पण बायकोनं पेन पुन्हा उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी काचेपाशी गर्दी दुप्पट होती. बाबा पडद्याआड गेले आणि आकडा अकरावर आला. बाहेर लोकांनी हात जोडले. तेवढ्यात डॉक्टरबाई टॉर्च घेऊन पडदा सारून आत शिरल्या.

"बाई, बैठक मोडू नका!"

त्यांनी लक्ष दिलं नाही. वायरमनची पापणी उचलून उजेड टाकला. उजव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली होती आणि उजेडाला आकसत नव्हती. मेंदू आत चेपला जात असल्याची ती खूण. त्यांनी वर मॉनिटरकडे पाहिलं. अकरा.

आकडा इतका चांगला आणि बाहुली अशी? दोन्ही खरं असणं शक्यच नव्हतं. डोक्यातून निघालेल्या नळीवर बोट ठेवून त्या तिच्यामागे गेल्या. नळी बाबांच्या शालीखाली गेली. शाल ओढली. कानाच्या पातळीला बसवलेलं दाबाचं मापक स्टँडवर चांगलं वीतभर वर सरकवलेलं होतं. त्यांनी स्क्रू सैल करून ते खाली आणलं. अकराचे वीस झाले, मग सत्तावीस.

"हात लावलात! कोप झाला!" बाबा ओरडले.

"सिस्टर, यांना बाहेर काढा. आणि थिएटरला कळवा, लगेच!"

बायकोनं उभ्या उभ्या सही केली. ऑपरेशन झालं, पण बाहुली पुन्हा लहान झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वायरमन गेला.

बाबांना वॉचमननं धरून ठेवलं होतं. पूर्वी ते दुसऱ्या एका दवाखान्यात असल्याच विभागात कामाला होते, हे चौकशीत निघालं.

संध्याकाळी बायको डॉक्टरबाईंच्या खोलीत आली. नणंद तिच्या पदराला धरून होती.

"मॅडम, त्या बाबानं काय केलं ते मला दाखवा."

डॉक्टरबाईंनी सलाईनची बाटली टेबलावर ठेवली आणि तिची नळी मापकाला जोडली. मापक वर उचललं तसा आकडा उतरला. खाली आणलं तसा चढला. बाटली जागची हलली नव्हती.

"मापक कानाच्या वर गेलं की यंत्राला दाब कमी वाटतो. आत काहीच कमी झालेलं नसतं. जाताना तो ते पुन्हा खाली सरकवायचा, म्हणून आकडा चढायचा. उलट मेंदूतलं पाणी साठायचं भांडंही त्याच सरकत्या पट्टीवर असतं. ते वर गेलं की निचरा थांबतो. आकडा उतरत होता तेव्हा दाब वाढत होता."

नणंद मटकन खाली बसली. बायकोनं विचारलं, "परवाच सही केली असती तर?"

"सांगता येत नाही, ताई. कदाचित वाचले असते, कदाचित नसते. पण तो एक दिवस त्यांच्या हक्काचा होता."

बायकोनं नणंदेला हात देऊन उठवलं. "मॅडम, हे सगळं बाहेर आणा. बाहेर अजून माणसं आहेत."

काचेपाशी डॉक्टरबाईंनी तेच पुन्हा करून दाखवलं. शेवटी तो म्हातारा पुढे आला. त्यानंही बाबांना बोलावणं धाडलं होतं.

"पोरी, मग आता मी काय करू?" त्यानं वायरमनच्या बायकोला विचारलं.

"आत जा, आजोबा. डॉक्टरांना विचारा, काय करताय, कशासाठी करताय. नाही कळलं तर पुन्हा विचारा, लाजू नका. आणि 'विचारू नका, नुसतं बघा' असं जो म्हणेल, त्याला खाटेजवळ फिरकू देऊ नका." तिनं काचेतून शेजारच्या खाटेकडे बोट दाखवलं. "तुमचा मुलगा अजून आहे."